ग्लास्टनबरी : राजाला दोन थडगी, मठाधिपतीला एकही नाही

दिवस पहिला, शुक्रवार

आई नेवाशाहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ब्रिस्टलला आली आहे. लंडन झालं, बाथ झालं, आणि मग एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "मोठी शहरं पुरे झाली गं. एखादं जुनं, पडकं काही असेल तर ते दाखव." नेवाशाच्या माणसाला पडक्या दगडांची माया असते. ज्या पैस खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, तो तरी काय, एका जुन्या देवळाचा उरलेला एक खांबच. आई शाळेत शिक्षिका होती. दरवर्षी पोरांची रांग घेऊन ती त्या खांबापाशी जायची. म्हटलं, हिला ग्लास्टनबरीचा मठ दाखवायचा.

ग्लास्टनबरी म्हटलं की लोकांना संगीत महोत्सव आठवतो. तो खरं तर तिथून दहाएक किलोमीटरवर, पिल्टन गावाच्या शेतांमध्ये भरतो. खुद्द ग्लास्टनबरी हे सॉमरसेट परगण्यातलं लहानसं गाव आहे आणि त्याच्या मधोमध बेनेडिक्टाइन साधूंच्या एका प्रचंड मठाचे अवशेष उभे आहेत. दंतकथांमधला राजा आर्थर इथे पुरलेला आहे असं सांगतात. येशूचा देह क्रुसावरून उतरवून घेणारा अरिमथाईचा योसेफ इथे आला आणि शेवटच्या भोजनातला प्याला त्यानं इथेच ठेवला, असंही सांगतात.

टेम्पल मीड्स स्टेशनापासून ३७६ नंबरची बस निघते, ती वेल्सवरून थेट ग्लास्टनबरीला जाते. नोव्हेंबरचा मध्य, खिडकीच्या काचांवर धुकं, मांडीवर दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. मेंडिपच्या टेकड्या उतरल्या आणि वेल्स आलं. कथीड्रलमधलं घड्याळ आईला दाखवायचं म्हणून आम्ही तिथे उतरलो.

हे घड्याळ १३९०च्या सुमाराचं आहे. दर पंधरा मिनिटांनी वरच्या झरोक्यात लाकडी घोडेस्वार गोल फिरतात आणि त्यातला एक दुसऱ्याच्या भाल्यानं आडवा होतो. प्रत्येक फेरीत तोच पडतो. आई मान वर करून दोन फेऱ्या बघत उभी राहिली. "तोच बिचारा पडतोय सारखा," एवढंच म्हणाली.

कथीड्रलला लागूनच बिशपचा वाडा आहे. भोवती पाण्याचा खंदक, त्यात राजहंस. खाणं हवं असलं की ते वेशीच्या बुरुजाला टांगलेल्या घंटेची दोरी ओढतात, ही तिथली दीडशेहून अधिक वर्षांची रीत आहे. आम्ही गेलो तेव्हा एकही हंस दोरीकडे फिरकला नाही. आत बागेत जुन्या दरबार दालनाची एक लांबच लांब भिंत उरली आहे. खिडक्या तशाच उंच उभ्या, पण छप्पर नाही, समोरची भिंत नाही. पायाखाली हिरवळ.

या दालनाबद्दल मी थोडं वाचून आले होते, ते आईला सांगितलं. ग्लास्टनबरीचा शेवटचा मठाधिपती रिचर्ड व्हाइटिंग याला खटल्यासाठी इथे आणलं होतं. तारीख १४ नोव्हेंबर १५३९. आठव्या हेन्रीनं देशभरातले आठशेच्या आसपास मठ बंद करून त्यांच्या जमिनी नि सोनंनाणं ताब्यात घ्यायचा सपाटा लावला होता. सॉमरसेटमध्ये ग्लास्टनबरी तेवढी उरली होती, आणि संपत्तीत ती वेस्टमिन्स्टरच्या खालोखाल होती. व्हाइटिंग म्हातारा, आजारी माणूस. मठातली चांदीची भांडी लपवली, असा त्याच्यावर ठपका होता. राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हातचं टिपण आजही उपलब्ध आहे. ग्लास्टनबरीच्या मठाधिपतीवर खटला चालवायचा आणि त्याला तिथेच देहदंड द्यायचा, असं एकाच ओळीत त्यात लिहिलंय.

"म्हणजे निकाल आधी आणि सुनावणी मागून?" आईनं विचारलं. मी हो म्हटलं. ती बराच वेळ त्या खिडक्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आज तारीख काय गं?" सतरा होती. तीन दिवसांचा फरक. मी मुद्दाम ठरवून काही केलं नव्हतं, पण त्या क्षणापासून आमच्या सहलीला तो म्हातारा मिळाला.

वेल्सहून ग्लास्टनबरी बसनं वीसेक मिनिटं. पोचलो तेव्हा पाचच वाजले होते पण पार अंधार होता. मुख्य रस्त्यावर उदबत्त्या, स्फटिक, टॅरोची पानं विकणारी दुकानंच दुकानं. खोलीवर जाऊन दशम्या खाल्ल्या आणि झोपलो.

दिवस दुसरा, शनिवार

सकाळी दहाला मठाचं फाटक उघडलं तेव्हा आत आम्हीच पहिल्या. रात्री पाऊस होऊन गेला होता. साधारण छत्तीस एकरांची हिरवळ, आणि तिच्यात इकडेतिकडे उभे राहिलेले अवशेष. सगळ्यांत आधी नजर जाते ती दोन उंच खांबांवर. मुख्य चर्चच्या मधल्या मनोऱ्याला पेलणारे हे खांब. त्यांच्यावरची कमान माथ्याशी तुटली आहे आणि दोन्ही टोकं एकमेकींकडे झुकून अधांतरी थांबली आहेत. मधल्या फटीतून आभाळ दिसतं. जमिनीवर जोत्याच्या रेषा आखून ठेवल्यात, त्यावरून चालत गेलं की लांबीचा अंदाज येतो. शेवटच्या काळात, पूर्वेची एडगर प्रार्थनाघराची भर धरून, हे चर्च पावणेदोनशे मीटरच्या आसपास होतं. आईनं पावलं मोजायला सुरुवात केली आणि दीडशेच्या पुढे सोडून दिली.

पश्चिमेला आहे मेरीचं प्रार्थनाघर, सगळ्यांत शाबूत. इथे पूर्वी कुडाचं एक प्राचीन चर्च होतं. ते योसेफनं स्वतः बांधलं अशी श्रद्धा, म्हणून सगळा मठ त्याच्याभोवती वाढला. २५ मे ११८४ रोजी आग लागली आणि कुडाच्या चर्चसकट जवळजवळ सगळं जळून गेलं. दोनच वर्षांत त्याच जागेवर हे दगडी प्रार्थनाघर उभं राहिलं. उत्तरेच्या दारावर कोरीवकामाच्या पट्ट्या आहेत, त्यात हेरोद राजाचे शिपाई आईच्या हातातून बाळं ओढून मारतायत. आठशे वर्षांच्या पावसानं चेहरे गेलेत, पण बाळाला घट्ट धरणारा हात अजून कळतो.

दक्षिणेच्या दारापाशी मात्र मी खरी अडकले. तिथेही कमानीभर गोल चौकटी पाडलेल्या आहेत, पण कोरलेल्या फक्त एकदोन, आदम आणि हव्वेच्या. पुढच्या सगळ्या कोऱ्या. नुसते गुळगुळीत दगडी गोल, एकापुढे एक. कुणीतरी छिन्नी खाली ठेवली आणि ती परत उचललीच नाही. मी एका कोऱ्या गोलावर बोटं टेकवली. थंडगार, ओला. देवळांवरची अर्धवट राहिलेली शिल्पं पाहिली की मला नेहमी त्या पाथरवटाचं नाव विचारावंसं वाटतं. त्याच बाजूच्या भिंतीवर बाहेरून एका दगडावर येशू आणि मेरी ही दोनच नावं मोठ्या अक्षरांत कोरलेली आहेत. अर्ज नाही, स्तुती नाही, नुसतं नामस्मरण. आईनं ते शब्द मला वाचायला लावले आणि हात जोडले.

इथून चार पावलांवर पहिली पाटी दिसते : राजा आर्थरच्या थडग्याची जागा.

गोष्ट अशी. आगीनंतर बांधकामाला दुसऱ्या हेन्रीनं पैसा दिला होता. ११८९ साली तो वारला, त्याचा मुलगा रिचर्ड धर्मयुद्धाच्या तयारीला लागला आणि मठाची गंगाजळी आटली. ११९१ साली साधूंनी प्रार्थनाघराच्या दक्षिणेला खोल खणलं, आणि पोखरलेल्या ओकच्या ओंडक्यात एका धिप्पाड पुरुषाची नि एका स्त्रीची हाडं मिळाल्याचं जाहीर केलं. सोबत शिशाचा एक क्रूस. आर्थर राजा इथे अ‍ॅव्हलॉन या त्याच्या दंतकथेतल्या बेटावर पुरला आहे, असं त्यावर लॅटिनमध्ये लिहिलेलं. स्त्रीच्या केसांची सोनेरी बट अजून ताजी होती, एका साधूनं ती उचलली तर हातातच तिची माती झाली, असं गेराल्ड ऑफ वेल्स या त्या काळच्या लेखकानं नोंदवून ठेवलंय. क्रूस अठराव्या शतकात नाहीसा झाला. आता आहे ते त्याचं एक छापील चित्र.

दुसरी पाटी त्या तुटक्या कमानीपलीकडे, जिथे वेदी होती तिच्या अलीकडे. १२७८ साली पहिला एडवर्ड आणि राणी एलिनॉर यांच्यासमोर ती हाडं इथे काळ्या संगमरवराच्या थडग्यात ठेवली गेली. एडवर्ड नुकताच वेल्स प्रांताशी (घड्याळाचं वेल्स गाव वेगळं) लढला होता, आणि आर्थर मेलेला नाही, तो परत येणार आहे, यावर वेल्सच्या लोकांचा जीव होता. राजानं भर सभेत हाडं दाखवली म्हणजे काय दाखवलं, ते उघड आहे. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ती १२९० साली. म्हणजे इकडे हा सोहळा चालला होता तेव्हा तिकडे ती भावंडं लहान होती. आईला हे फार भावलं. ती त्या हिरवळीच्या चौकोनापाशी उभी राहून बोटांवर वर्षं मोजत होती.

१५३९ नंतर ते थडगंही राहिलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर राले रॅडफर्ड या पुरातत्त्वज्ञानं ११९१ सालचा तो खड्डा सापडल्याचं सांगितलं होतं. रेडिंग विद्यापीठानं पुढे त्याच्या उत्खननाच्या नोंदी आणि वस्तू पुन्हा तपासल्या, तेव्हा तो दफनभूमीतला एक साधा खड्डा निघाला. पण त्याच तपासणीत मला आर्थरपेक्षा मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी सापडल्या. पाचव्या-सहाव्या शतकात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या कुंभांची खापरं, आणि सातव्या शतकाच्या अखेरीच्या काच करायच्या भट्ट्या. म्हणजे मठाच्याही आधी इथे दूरदेशीचा माल मागवणारं कुणीतरी राहत होतं, आणि त्या आडवळणी दलदलीत रंगीत काच ओतणारे कारागीर पुढे आले. हे सगळं संग्रहालयात मांडलंय, पण तिथे कुणी फार थांबत नाही. पाटीपाशी मात्र फोटोला रांग लागते. आम्ही होतो तेवढ्या वेळात राजाच्या जागेवर कुणी फुलं ठेवली, कुणी सफरचंद.

आई दोन्ही पाट्या बघून आली आणि तिनं मला थेट विचारलं, "आणि त्या महंताचं थडगं कुठंय?"

कुठेच नाही. वेल्सच्या खटल्याच्या दुसऱ्या दिवशी, १५ नोव्हेंबरला, व्हाइटिंगला लाकडी चौकटीवर बांधून गावातून फरफटत गावामागच्या टॉर टेकडीवर नेलं. सोबत त्याचे दोन साधू, जॉन थॉर्न आणि रॉजर जेम्स. वर तिघांना फाशी दिली. मग त्याच्या देहाचे चार तुकडे करून वेल्स, बाथ, इल्चेस्टर आणि ब्रिजवॉटर या चार गावांना पाठवले आणि शिर याच मठाच्या फाटकावर लावलं. ज्याच्याबद्दल खात्रीनं एक शब्द सांगता येत नाही त्या राजाला या हिरवळीवर दोन थडगी आहेत. ज्याचा शेवटचा दिवस तारीखवार माहीत आहे, त्याला एकही नाही. १८९५ साली पोपनं त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून जाहीर केलं, तेवढी एक नोंद आहे. हे मला सकाळपासून टोचत होतं, आईच्या प्रश्नानं ते पुरतं बाहेर आलं.

त्याची एक वस्तू मात्र अखंड उरली आहे : मठाधिपतीचं स्वयंपाकघर. चौदाव्या शतकातली ही इमारत बाहेरून चौकोनी आहे. आत चारी कोपऱ्यांत एकेक चूल बसवल्यामुळे ती अष्टकोनी होते. चुलीसुद्धा कसल्या, आत उभं राहता येईल एवढ्या. प्रत्येक चुलीचा धूर तिच्या धुराड्यातून जायचा आणि खोलीतली वाफ नि उष्मा वर चढत छताच्या टोकाशी असलेल्या दगडी झरोक्यातून निघून जायचा. छताच्या आठ फासळ्या एकाच ठिकाणी मिळतात आणि तिथून उजेडाचा एक गोल खाली पडतो. आई मधोमध उभी राहून वर बघत होती. "आपल्या जुन्या घरी एवढं उमजलं असतं ना, तर तुझ्या आजीचे डोळे वाचले असते," म्हणाली. आजी आयुष्यभर धुराच्या चुलीपुढे बसली. शेवटी शेवटी तिला माणसं आवाजावरून ओळखावी लागत. आम्ही दोघी काही वेळ बोललो नाही.

पुस्तकांचं काय झालं, तेही सांगते. मठ मोडायच्या काही वर्षं आधी जॉन लीलंड हा विद्वान इथला ग्रंथसंग्रह बघायला आला होता. इतकी प्राचीन पुस्तकं एकत्र पाहून त्याचा पाय उंबऱ्यातच अडखळला, असं त्यानं लिहिलंय. त्यातली फार थोडी आज ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत आहेत. चिरे गावातल्या घरांच्या भिंतींत गेले. संध्याकाळी रस्त्यानं जाताना एखाद्या साध्या दुकानाच्या भिंतीत मध्येच एक कोरलेला दगड दिसतो, तो तिथला.

निघताना काटेरी झाड पाहिलं. योसेफनं हातातली काठी टेकडीवर रोवली, तिला पालवी फुटली, ही त्याची गोष्ट. हे झाड वर्षातून दोनदा फुलतं, एकदा वसंतात आणि एकदा ऐन हिवाळ्यात. सेंट जॉन चर्चच्या आवारातल्या झाडाची डहाळी दर नाताळात राजघराण्याला पाठवतात. विअरिऑल टेकडीवरचं झाड २०१० साली कुणीतरी रात्रीत तोडलं, तेव्हा गावातली माणसं रडली होती. आई एकदम म्हणाली, "अगं, हे तर आळंदीचं! माउलींच्या दंडाचाच अजानवृक्ष झाला, असं आम्ही लहानपणी ऐकायचो." तिनं फांदी वाकवून कळ्या पाहिल्या. तांदळाएवढ्या, हिरव्या पांढऱ्या, पाचसहा. तोडली नाही एकही.

दुपारी टॅक्सी करून हॅम वॉलच्या पाणथळीवर गेलो. हा सगळा सखल मुलूख एके काळी हिवाळाभर पाण्याखाली असायचा आणि ग्लास्टनबरी खरोखर बेटासारखी दिसायची. मठाच्या साधूंनी चर खणून पुष्कळ जमीन कोरडी केली. सूर्य टेकला तसे पक्ष्यांचे थवे येऊ लागले. आधी शंभर, मग हजारो, मग मोजदाद संपली. आभाळात काळं कापड झटकावं तशी वळणं. "भोरड्या!" आई ओरडलीच. आमच्याकडे ज्वारीवर उतरतात त्या भोरड्यांची ही सख्खी चुलत भावंडं. एका क्षणी सगळा थवा लव्हाळ्यात ओतल्यासारखा उतरला आणि गलका सुरू झाला. आई थंडीनं कुडकुडत होती, पण हलायला तयार नव्हती.

दिवस तिसरा, रविवार

टॉरवर आईनं चढू नये असं माझं मत होतं. गुडघे दुखतात. समुद्रसपाटीपासून १५८ मीटर उंची फार नाही, पण चढ अंगावर येणारा आहे. ती म्हणाली, "त्याला आणला, मग मी का नाही जायचं? सावकाश जाऊ."

पायथ्याशी आधी चॅलिस विहिरीच्या बागेत गेलो. योसेफनं तो प्याला इथे लपवला म्हणून पाणी तांबडं, अशी कथा. पाण्यात लोह आहे, ते जिथून वाहतं तो दगड गेरूच्या रंगाचा झालाय. सिंहाच्या तोंडातून पडणारी धार ओंजळीत घेतली. लोखंडी तव्यात राहिलेल्या पाण्याची चव. तिथे लोक डोळे मिटून शांत बसले होते, आम्हीही बसलो.

मग चढ. दर शंभर पावलांवर थांबा. वारा असा की पदर, मफलर, बोलणं, सगळं उडून जात होतं. माथ्यावर सेंट मायकेलच्या चर्चचा नुसता मनोरा उभा आहे, छप्पर नसलेला. इथलं आधीचं चर्च १२७५च्या भूकंपात पडलं. माउलींचं जन्मवर्ष म्हणून परंपरा सांगते तेच साल, हे आईनंच ओळखलं. मनोऱ्याच्या भिंतीवर दोन लहान शिल्पं आहेत. एकात देवदूत तराजूत माणसाचा आत्मा तोलतोय. दुसऱ्यात संत ब्रिजिट गाईची धार काढतेय, अगदी खाली वाकून, हात कासेला. आईला गाय फार आवडली.

त्या सकाळी माथ्यावर चारपाच माणसं होती. एकजण कुणालातरी आर्थरच्या बेटाची गोष्ट सांगत होता, खाली धुक्यातून टेकड्यांची टोकं वर आलेली, गोष्ट खरी वाटावी असंच ते दृश्य. आई मात्र दिशा दाखवणाऱ्या चकतीपाशी गेली. चष्मा पुसला. "कोणती गावं म्हणालीस तू?"

मी सांगितली. वेल्स ईशान्येला सापडलं, कथीड्रलचे मनोरे धुक्यातही पुसट दिसत होते. बाथ त्याच्याही पलीकडे, डोंगराआड. मग आम्ही मनोऱ्याला वळसा घालून दुसऱ्या अंगाला गेलो. पश्चिमेला पाणथळ, तिच्यापुढे ब्रिजवॉटर. दक्षिणेला इल्चेस्टर. प्रत्येक दिशेला आई थोडा वेळ तोंड करून उभी राहिली, वाऱ्यात डोळ्यांतून पाणी येत होतं तरी. शेवटी तिनं पर्समधून खोबरं-साखरेची पुडी काढली, निम्मी माझ्या हातावर ठेवली, आणि उरलेली मनोऱ्याच्या आत, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात, दगडावर ठेवली.

"चल," म्हणाली. "उतरताना हात दे मला."